अडतीस हजार

म्हापशाच्या दुकानात रॉयस्टन विचारतो,
गेम खेळणार की ऑफिसचं काम?
घुमट रेकॉर्ड करायचंय, मी म्हणतो.
तो पडद्याची चमक दाखवतो.
चमक नको रे,
मी डोळे मिटूनच बसतो.

खिशात भिशीचे अडतीस हजार,
त्यातून माइकचे सहा आधीच वजा.
आठ जीबीत चार ट्रॅक कसेबसे चालतात,
पाचवा, शामेळाचा, घातला की सगळं अडखळतं,
चवथीच्या अकराव्या आरतीला
आमचा फटू अडखळतो तसं.

नवा परवडेना.
कोपऱ्यात एक जुना,
कुठल्याशा बँकेतून आलेला,
पाठीवर स्टिकरचा डिंक,
स्पेसबार अंगठ्यानं झिजलेला.
पण रॅम सोळा.

बाबा डिचोलीला कुंभाराकडे
घुमटाचं मडकं घेताना
नखानं टिचकी मारायचे,
मग बराच वेळ काहीच बोलायचे नाहीत.

मी लॅपटॉप उचलला,
पोटाला कान लावला.
गिऱ्हाइकं बघायला लागली.
दहा मिनिटं चालू ठेव, म्हटलं, तापू दे.

सातव्या मिनिटाला पंखा सुटला.
बारीक, सरळ, जागचा न हलणारा.
ओठांत सा धरून पाहिला:
काळी दोन.
आमचीच पट्टी.

एकतीसला दिला त्यानं.
उरलेल्या हजारात केबल, आणि दोघांना पातळभाजी-पाव.

आता रात्री गाताना
मध्ये उशी उभी करतो,
तरी तो मागून येतोच.
फटू हेडफोन काढून विचारतो,
तंबोरा कोणी धरलाय?

मी अजून सांगितलेलं नाही.