अधिक-उणे

सोहारच्या कारखान्यांमध्ये माझी खोली
वर्षभर वीस अंशांवर असते.
बाहेर सत्तेचाळीस.
मी शाल पांघरून तापमापकांना विचारते,
खरं सांगताय ना?

रिफायनरीतून येतात ते, तेलकट, ओरखडलेले,
आणि प्रत्येक जण थोडं खोटं बोलतो.
थोडं म्हणजे किती
ते लिहून द्यायचा मला पगार.

माझ्या मापाला ताडणारं एक माप मस्कतला आहे,
त्याला ताडणारं जर्मनीत कुठेतरी,
त्याच्याही वर
हमूद बोट छताकडे करतो. चहा ओततो.
मग त्याला कोण ताडतं,
हे ओठांवर आलेलं मी चहाबरोबर गिळते.

सांगलीच्या कॉलेजात केळुस्कर सरांनी एकदा
फळाभर लिहिलं आणि पुसत गेले.
डोळे फसवतात. पुसा.
स्वप्नातलं टेबलही टणक लागतं. पुसा.
दोन आणि तीन पाच?
मोजतानाच कुणी आपल्याला गंडवत असेल तर? पुसा.
नुसता काळा फळा उरला तेव्हा म्हणाले,
आता पुसणारा हात बघा.
घंटा झाली. आम्ही भडंग खायला गेलो.

फलज अल-कबाइलच्या रस्त्यावर रोज दुपारी पाणी दिसतं.
नसतं, हे मला सतरा वर्षं ठाऊक आहे.
पाय तरी ब्रेककडे जातो.

जूनमध्ये ईरा मेणखडू गाडीत विसरली.
सीटवर तपकिरी थारोळं,
टोक नाही, आकार नाही,
वर तरंगणारा कागदाचा वेढा, त्यावर छापलेलं ‘लाल’.
आई, यातला लाल कुठला?
मी बराच वेळ पाहत राहिले.
मग सुरी आणली, खरवडून काढलं.
डाग आहे अजून.

लॅबमध्ये एक सीलबंद काचेची नळी आहे.
तिच्यात बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात
एका अंशाच्या शंभराव्या भागावर,
ना वर, ना खाली.
कुणी नसताना मी तिच्यावर तळवा ठेवते.
गार.
आकड्याआधी एवढंच येतं, गार,
आणि ते कुणाला ताडून बघावं लागत नाही.

मग प्रमाणपत्र भरते.
उपकरण क्रमांक. तारीख.
अनिश्चितता: अधिक-उणे तीन शतांश.
खाली तपासणारीची सही,
जी माझी दर वेळी थोडी वेगळी येते.
बँकेने दोनदा चेक परत पाठवलाय.
तिच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.