मधली खूण

ओडेटनं पेपरात तो प्रश्न कोराच ठेवला.
शिखर सापडलं होतं तिला, तळही सापडला.
तिथं पेन्सिल क्षणभर आडवी होते, थांबते.
"पण सर, या मधल्या बिंदूपाशी काहीच थांबत नाही.
मग तो आहे, हे ओळखायचं कशावरून?"

मी फळ्यावर ओंजळ काढली, शेजारी उपडी ओंजळ,
म्हटलं, एकीची दुसरी होते तिथं. नतिपरिवर्तन बिंदू.
तिनं मान हलवली,
मुलं मास्तरांची दया येऊन हलवतात तशी.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिच्या बापानं बोलावलं.
आल्सीद थिबोदो. फंडीच्या उपसागरात
चाळीस वर्षं चिखलातून शिंपले खणणारा.
त्यानं दिलेले गमबूट मला दोन बोटं मोठे होते.
धक्क्याच्या खांबावर बारा खुणा, मीटर-मीटरवर कोरलेल्या.
तळातली आणि बारावी लाल रंगवलेली,
बाकीच्यांवर नुसतं शेवाळ.
"सात वाजलेत. ओहोटी संपली. मोजा आता."

पहिल्या तासात एक खूण बुडाली.
दुसऱ्यात दोन.
तिसऱ्यात तीन. चिखलातून बुडबुडे फुटायला लागले,
कुशीवर पडलेली बोट उठून बसली,
आणि सहाव्या खुणेला पाणी लागलं तसा आल्सीद म्हणाला,
"इथं याचा जीव सरतो."

इथं? पाणी तर दात-ओठ खाऊन धावत होतं.
"इथंच. याहून जोरात ते आज येणार नाही.
चढेल अजून सहा खुणा,
पण आता चढेल ते उधारीवर."

चौथ्या तासात तीन. पाचव्यात दोन.
सहाव्यातली एक कधी बुडाली
ते कॉफीच्या नादात कळलंही नाही.

ओडेट वहीवर वाकलेली.
"म्हणजे पाणी चढतच होतं, सर. चिन्ह बदललं ते चढाच्या चढाचं."
मग लगेच: "तिथं शून्य आलं, की झालं?"
नाही गं. उंबरठ्याला पाय लावून
आल्या वाटेनं परत फिरणारेही असतात.
पलीकडे गेला तरच मोजायचा.

आल्सीद हातमोजे पिळत होता.
"माथुरँ अल्बर्टाला गेला, तेलाच्या कामावर.
तो दिवस गावाला पाठ आहे. बसची वेळसुद्धा.
पण पोरगा गेला तो तेव्हा नाही.
आधीच्या वसंतात, कुठल्याशा बुधवारी,
जाळं शिवताना गात होता, इतक्या मोठ्यानं
की त्याच्या आईनं खिडकी लावून घेतली.
खांबाकडे बघायची सवय मला, पोराकडे बघायची नव्हती."

यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं.
मी कॉफीचा गाळ कपात फिरवत राहिलो.

निघायला हवं होतं, निघालो नाही.
पाणी उतरायला लागलं. आधी लाजत, मग भराभर,
एक, दोन, तीन. चार वाजता उजेड राखेसारखा,
आणि सहावी खूण पुन्हा उघडी, ओली.
"सर, इथं परत," ओडेट कुजबुजली.

बोट अजून खालीच चालली होती.
चिखल अजून वाढायचा होता.
अजून सहा खुणा उतार बाकी,
तरी वहीतली रेघ आत्ताच
ओंजळ व्हायला लागली होती.

आल्सीदनं काही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.
आत माथुरँची आई दिवा न लावता बसली होती.

रात्री मी पेपर पुन्हा काढला
आणि त्या कोऱ्या जागेला अर्धा गुण दिला.
नियमात बसत नाही.
मुख्याध्यापकांनी विचारलं तर काय सांगायचं,
ते अजून ठरलेलं नाही.