उरलेला बोल्ट

पुंता अरेनासमध्ये वारा पत्र्यांवर वाजू लागला
की माणसं आवाज चढवून बोलतात,
आणि लहान मुलांचं कुणाला ऐकू जात नाही.
ही तक्रार नाही. हवामान सांगते आहे.

त्या मार्चमध्ये, थंडी दाराशी आलेली असताना,
पापांनी निसानचं हेड उघडलं.
गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्यात
आमचा हिवाळाभराचा गॅस आला असता.
मग द्रागोमामा आला,
अर्धी बाटली आणि पूर्ण आत्मविश्वास घेऊन,
आणि दोन आठवडे
आम्ही इंजिनाशेजारी ताटं मांडून जेवलो.

सार्डिनच्या रिकाम्या डब्यांत बोल्ट :
हा वरचा, हा खालचा,
हा ‘बघू नंतर’.
माझ्याकडे टॉर्च. मी दहा वर्षांची.
टॉर्च धरणाऱ्याने
दुसऱ्याच्या हाताला हवा तिथे उजेड धरायचा
आणि आपल्याला काय दिसतं ते बोलायचं नाही.

“पापा, एक उरलाय.”
दहा नंबरचा, गळ्याशी जरा गंजलेला.
“कंपनीवाले एखादा जास्तच देतात, यास्ना,” मामा म्हणाला.
पापा हसले, दमलेले, कोपरापर्यंत काळे.
मी तो कोटाच्या खिशात टाकला.

इंजिन पहिल्याच चावीला बोललं.
मामाने इतका हॉर्न वाजवला
की एलादियो शेजारी चमचा हातात घेऊन बाहेर आला.
बंदरापर्यंत गेलो. येताना
पिवळा दिवा.

एलादियोचा स्कॅनर म्हणाला, तीनशे चाळीस.
कॅमशाफ्टचा सेन्सर. बदलला.
पुन्हा तीनशे चाळीस.
झोना फ्रांकातून दुसरा आणला,
दुकानदाराने आईची शपथ घेतली, अस्सल आहे.
पुन्हा तेच, वर तीनशे पस्तीस,
आणि चढावर गाडीला उचकी.
क्रँकचाही बदलला.
कोड पुसायचा, दिवा विझायचा,
पापा “झालं!” म्हणत बेकरीचे पाव भरून निघायचे,
आणि नवव्या किलोमीटरला तो परत यायचा
वसुलीवाल्यासारखा,
घाई न करता.

चोर सोडून संन्याशाला फाशी.
टेबलावर तीन सेन्सर ओळीने पडलेले.
तिघांनी एकच गोष्ट सांगितली,
म्हणून तिघांनाही काढून टाकलेलं.

मग एका रात्री मामा नसताना
पापांनी मल्टिमीटर काढला.
काळं टोक बॅटरीला : पाच व्होल्ट, चोख.
काळं टोक सेन्सरच्या काळ्या तारेला :
आकडा कधी तीन, कधी नुसता भिरभिरणारा.
“हा खोटं बोलत नाहीये,” पापा इंजिनाला म्हणाले,
“याच्या पायाखाली जमीनच नाही.”
ते तार चाचपत गेले. हेडच्या मागे,
जिथे डोळा पोचत नाही तिथे ती लोंबत होती,
टोकाला कडं, कड्यात काही नाही.
गाडी थरथरली की कधी धातूला टेकायची,
कधी नाही.
अर्थाची तार.

ते माझ्या दाराशी आले. काही विचारलं नाही.
मी जागीच होते. कोट काढला.
खिशात एक शिट्टी, बसचं तिकीट, आणि तो.
अठरा दिवस शाळेत मी त्याला अंगठ्याने घासत बसले होते.
गंज उरला नव्हता.

मागची फट पापांच्या मनगटाला अरुंद पडली.
माझ्या नाही.
टॉर्च या वेळी त्यांच्या हातात,
आणि उजेड चुकीच्या जागी पडत होता.
मी तीनदा सांगितलं.
तीनदा त्यांनी हलवला.

चावी. दिवा लागला, लागायलाच हवा तसा,
आणि इंजिनाबरोबर विझला.
नववा किलोमीटर गेला. विसावा गेला.
अर्थ लागला होता.

माझं चुकलं वगैरे पापा म्हणाले नाहीत.
उघडलेली खोकी झोना फ्रांका परत घेत नाही.
ते तिन्ही सेन्सर अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत,
आणि कधी कधी, वारा पडला की,
पापा त्यांच्यावरची धूळ पुसताना दिसतात.