हाव

तोंडवळीच्या वाळूत गादा लागला तेव्हा
बाबल कोयंडे रापण अर्धी टाकून मला बोलवायला आला.
दोन दिवसांचा मेलेला डॉल्फिन, पोट फुगलेलं,
एक डोळा कावळ्यांनी आधीच नेलेला.
मी बोटभर कातडी कापली, नळीत घातली, नळी बर्फात.
"मेल्यार पण कसा चिकटान रवला हा, बघ,"
बाबल म्हणाला, सुरी लुंगीला पुसत.

तेच तर शोधते आहे.

मालवणात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी ओळीखाली ओळ लावते:
गादा. कर्लीच्या खाडीतला हूद. चिंचेवरचं वटवाघूळ.
आंबोली घाटात ट्रकखाली आलेलं खवले मांजर.
माणूस.
एकच जनुक, पेशीनं पेशीला धरून राहायचं.
सगळ्यांचं अक्षर सारखं, तिथे खाली तारा.
कुणाचं गळलं, तिथे रेघ.

एक पोहतं, एक उलटं लटकतं,
खवल्याचं तर सगळंच निराळं,
आणि तरी पहिल्याच घडीत
तीन अक्षरं कुणाचीच हललेली नाहीत:
एच, ए, व्ही.
पकडीची जागा.
मी ती नकळत मराठीत वाचली.

हिला चुना लागतो.
आजोळी शिंपले जाळायची भट्टी होती,
त्या पांढऱ्या धुरातलंच कॅल्शियम.
ते काढून घेतलं की पेशी हात सोडतात,
बशीत गोल गोल होऊन एकेकट्या बसतात.

आईचा रिपोर्ट मी कोल्हापूरच्या स्टँडवर उघडला होता.
पेशी एकेरी रांगेत, असं लिहिलेलं.
जनुकात मध्येच एक अक्षर बदललेलं
आणि तिथेही तारा.
पण हा तारा म्हणतो, इथे वाचणं थांबवा.
पुढे नुसत्या रेघा.

तिची ओळ मी शोधनिबंधात घातली नाही.
काल रात्री मात्र गाद्याच्या खाली लावून पाहिली.
हाव होती. शाबूत.
धरायला हात होते तिला,
आत रोवायला खुंटी तेवढी नव्हती.

फ्रीजमध्ये आणखी एक नळी आहे,
माझ्याच थुंकीची, आषाढापासून.
लेबलावर फक्त तारीख.
"ह्या खंयच्या जनावराचा?" बाबल विचारतो.
सस्तनच, मी म्हणते,
आणि फ्रीजचं दार
नीट लागलं का ते दोनदा बघते.