थंड चाक

डिसेंबर. शटर अर्धं ओढलेलं.
कुंडलच्या फाट्यावर उसाची ट्रॉली येऊन थांबली.
थांबली म्हणजे, आधी गॅरेज ओलांडून गेली
आणि मग रस्त्याकडेच्या मुरमात रुतली.

बिराप्पा उतरला, जतकडचा, मफलर कानाला.
"उस्ताद, मागचं डावं चाक जाम हुतंय.
घाटात धूर आला.
तेवढं एक मोकळं करून द्या,
पहाटं काट्यावर नंबर हाय."

दस्तगीर उस्तादांनी टॉर्च घेतलीच नाही.
पंजाची पाठ एकेका हबजवळ नेली,
पोराचा ताप बघावा तशी.
पुढचं उजवं, थंड.
पुढचं डावं, थंड.
मागचं उजवं
रात्रीच्या पाट्या-वरवंट्याइतकं थंड.
मागच्या डाव्यापाशी हात झटकन मागे आला.
करपलेल्या काकवीचा वास, फक्त गोडी वजा.

"हे मोकळं करू?"
"व्हय."
"मग थांबशील कशानं?"

उसावर वाढ्याच्या गादीत दोन पोरं झोपलेली.
"आधी ती खाली," उस्ताद म्हणाले.
"पोरं वर असताना मी जॅक लावत नाही."
कस्तुरानं त्यांना गोधडीसकट उतरवलं
आणि थोरल्याच्या हातात टॉर्च दिली.
मी चाकांना दगड लावले, जॅकशेजारी बाभळीचा ओंडका.
जॅक कधीही शब्द फिरवतो,
हा या गॅरेजातला माझा पहिला धडा.

पहिला ड्रम उघडला.
सील फुटलेलं, लायनर ग्रीसनं माखून
जत्रेला निघाल्यासारखा चकचकीत.
"पेट्रोलनं धुवू?" मी विचारलं.
"तेल प्यालेला लायनर धुऊन शुद्धीवर येत नाही. नवा काढ."
दुसऱ्यात पिन गंजलेली.
चार महिने ट्रॉली उघड्यावर, चिखलात;
ब्रेकशू जागचे हललेच नव्हते.
तिसऱ्याचं सगळं ठीक. सगळं.
फक्त नळी पकडीनं दुमडून
वर तारेचे सात वेढे.

उस्तादांनी तार उलगडली, बोलले नाहीत.
बिराप्पा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.
"मागल्या हंगामात गळती लागली हुती.
म्हटलं, तीन हायत की अजून."

कस्तुरानं वाकून विचारलं,
"ह्यातलं लबाड कुठलं म्हणायचं?"
"लबाड कुणी नाही, बाई.
एक तेलात बुडालं, एक गंजलं,
एकाचा गळा आवळला.
आणि ते चौथं बोंबलत होतं,
म्हणून तुम्ही त्याला धरून आणलंत."

नवी नळी बसली. मी ट्रॅक्टरवर चढलो.
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
बाटलीत बुडबुडे, मोठे, मग मोहरीएवढे.
थोरला पोरगा मोठ्यानं मोजत होता,
एकोणतीसनंतर परत वीस.
पॅडल कितीतरी वेळ ताकासारखं पातळ लागलं,
आणि मग अंधारात जिना उतरताना
जिथं वाटत नव्हतं तिथं
पायाखाली पायरी लागली.

चौथा ड्रम शेवटी उघडला. त्याला निवू द्यायचं होतं.
आतून निळा पडलेला, मोराच्या मानेसारखा.
लायनर नखाएवढा.
उस्तादांनी तो जुना लायनर
इतर भंगारात टाकला नाही, खिडकीत ठेवला.

पहाटे पावणेचारला उतारावरून एक फेरी.
बिराप्पानं दोनदा करकचून दाबलं,
ऊस पुढं रेलला, ट्रॉली रेषेत थांबली.
मी उतरून पंजाची पाठ लावत गेलो:
कोमट. कोमट. कोमट.
चौथं जरा जास्तच, जुनी सवय असावी.

हिशेब झाला. सामान चार चाकांचं,
मजुरी तीनच चाकांची.
"आणि ह्याची?" बिराप्पानं मागच्या डाव्याकडे बोट केलं.
उस्ताद साबणाच्या चुऱ्यानं हात घासत होते.
"त्याची कसली घेऊ?
त्यानंच तुला इथवर आणलं."

ट्रॉली गेली. रस्त्यावर दोन कांड्या पडल्या होत्या.
एक मी सोलली, एक त्यांना दिली.
त्यांनी ती डाव्या हातानं धरली,
उजव्याच्या पाठीवर नवा फोड आला होता.
"टॉर्च घेतली असती तर," मी म्हणालो.
"टॉर्चला," ते म्हणाले, "गरम कळत नाही."