वीतभर

वेंडलने अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये घालवला.
प्लायवूड, बिजागऱ्या, कानामागे पेन्सिल.
बाहेर विनेमुका बर्फाखाली गेलं होतं
आणि हा माझ्या तव्याचा व्यास घेत होता.
मिठाच्या डबीला घर, चाकूंना चुंबकाची पट्टी,
कांद्यांना जाळी, अंड्यांना जुन्या उशीतला फोम,
गॅसच्या हिरव्या डब्यांसाठी तीन गोल भोकं,
आणि पाण्याच्या कॅनचा नळ असा
की बरोबर बाहेर तोंड काढेल.
"फाळका पाडायचा, खण ओढायचा,
झालं स्वयंपाकघर!"
मार्चपर्यंत हे त्याने मला एकवीस वेळा सांगितलं,
शेजारच्या डेलाला दोनदा,
पोस्टमनला एकदा, तोही दारात अडवून.

मे महिन्यात निघालो.
साठ मैल डांबर, मग खडी, मग नुसती चाकोरी.
रस्ता असा की कवळी असती
तर हातात काढून बसले असते.
मुक्कामाला पोचलो तर वारा
आमच्या आधी येऊन बसलेला,
सेजची झुडपं एका अंगाला लवलेली.

पहिला खण उघडेना. फुफाट्याने दातखीळ बसली होती.
दुसरा उघडला तो अख्खाच हातात आला.
तिसऱ्यात अंडी, बाराच्या बारा शाबूत.
वेंडलने माझ्याकडे असं पाहिलं
जशी ती त्यानेच घातली होती.

मग शेगडी बाहेर आली, वाऱ्याकडे पाठ करून.
झाकणाचा आडोसा झाला. काडी पेटली.
तो बाजूला सरला, मी पुढे झाले.

शेगडी माझ्या हनुवटीशी.

त्याने सगळं मोजलं होतं.
एकतीस वर्षं जिच्या शेजारी झोपतो
ती उभी राहिली की कुठवर येते,
एवढं मोजायचं राहिलं.

मी काही बोलले नाही.
दुधाचा क्रेट उपडा केला नि चढले.
बटाटे परतले. कांद्यासाठी उतरले. चढले.
मिठासाठी उतरले.
"अडचण होतेय का गं?"
"छे. वरून डोंगर छान दिसतात."

तो गप्प जेवला. ताट वाळूने घासलं.
आणि ट्रकचं फावडं काढलं.

याच डोंगरांत मेंढ्यांमागे फिरायचे माझे बास्क आजोबा.
संध्याकाळी खड्डा खणायचे,
निखारे पसरून लोखंडी भांड्यात पाव पुरायचे.
वाटलं, याला त्या पावाची आठवण झाली असेल.
पण हा खणत होता मागच्या चाकांच्या मागे.
एक खड्डा, दुसरा खड्डा.
डोक्याला दिवा, हातात टेप,
तोंडाने स्वतःलाच आकडे सांगणं चाललेलं.
मग ट्रकमध्ये बसला, हळूच मागे घेतला.
उंट बसावा तसा ट्रक
मागच्या अंगाने खाली बसला.
वीतभर. जास्त नाही.

सकाळी शेगडी माझ्या कोपराशी होती.
अंडं तव्यात फोडलं
तर ते सरळ माझ्याकडेच चालत आलं.
पॅनकेक एका कडेला उशीसारखा जाड,
दुसऱ्या कडेला कागद.
दूध पातेल्याच्या एकाच काठावर चढलं
आणि मी विचार करेपर्यंत उतू गेलं.
पण पाय जमिनीवर होते,
बुटांखाली काल रात्रीची भुसभुशीत माती.

वेंडलने कागदी बाजू खाल्ली, जाड मला दिली.
मग कानामागची पेन्सिल काढून म्हणाला,
"सरळ उभी राहा जरा. बूट काढून."
माझ्या कोपराच्या उंचीवर
ट्रकच्या रंगावर त्याने एक रेघ ओढली.
चार वर्षांचे हप्ते अजून फिटायचे होते त्या रंगाचे.

खड्ड्यातून ट्रक निघायला दुपारचे दोन वाजले.
तो फळ्या सरकवत होता, शिव्या देत होता,
पुन्हा खणत होता.
मी कॉफीची आणखी एक किटली ठेवली.
घाई कसली?