बिनटोपीचा पाच

धुळ्यात, आग्रा रोडला, टायरवाल्याच्या मागच्या शेडमध्ये
शिवदास बोरसेंनी ताडपत्री ओढली,
शेंगांच्या टरफलांसकट ती खाली आली.
लाल. दोन सीटची. एमजी, सन अठ्ठावन्न.
"अस्सल शे, ताई. देवनी आन."
अठ्ठावीस लाख.

जळगावचे बाफना माझ्याकडे बघतात.
सराफाच्या घरातले. सोनं कळतं, पत्रा कळत नाही,
म्हणून मी. पंधराशे रुपये फी, जाणंयेणं वेगळं.

पिशवीतून चुंबक काढते, फडक्यात गुंडाळलेलं.
बॉनेटवर ठेवते. घसरून पडतं.
बाफनांचा चेहराही.
थांबा, म्हणते, हिचं सगळं उलटं.
बॉनेट, डिकी, दारं, वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा,
इथं चुंबक चिकटलं तर खोटं.
दारावर ठेवते.
चिकटतं,
उधारीवाल्यासारखं, सोडतच नाही.

आणि त्या दाराला फियाटच्या मुठी.
हिला मुळात बाहेरून मूठच नसते,
आत हात घालायचा, दोरी ओढायची.
"मंग चोरबी वढी ना, ताई!"
खरं आहे. म्हणूनच लावल्या असतील कुणी.

गालिचा उचलला. खाली प्लायवूडच्या फळ्या हव्यात.
पत्रा निघाला, गोडेतेलाच्या डब्याचा,
त्यावर उलटी शेंग, आणि एकच अक्षर शिल्लक: शु.
पुढचं 'द्ध' गंजून गेलेलं.
आम्ही तिघंही हसलो.

इंजिन अँबॅसिडरचं.
बाफनांनी मान हलवली, पण इथं मीच अडले.
हिच्या इंजिनाचा सख्खा मावसभाऊ हा,
तेच पोट, चौदाशे एकोणनव्वद सीसी.
एक तिकडे शर्यतींत उंडारला,
दुसरा इकडे वऱ्हाडं वाहता वाहता म्हातारा झाला.
वहीत लिहिलं: बदललेलं, पण नात्यातलं.
मग 'नात्यातलं' खोडलं.
रिपोर्टात त्याला रकाना नाही.

शेवटी नंबर.
रॉकेलचा बोळा फिरवला चॅसीवर,
काळं सुटलं, आकडे वर आले.
आरसी बुकाशी जुळतात. सगळेच्या सगळे.
बाफना फोटो काढू लागले.
मी टॉर्च जवळ नेली.
दोन पाच आहेत त्यात,
आणि दोन्हींना टोपी नाही.

देवपूरला आमच्या घरी एक लाकडी पेटी होती,
शून्य ते नऊ, लोखंडी पंच.
पाचचा पंच मी दुसरीत असताना फरशीवर पाडला,
वरची आडवी रेघ उडाली.
अब्बांनी मारलं नाही. नवा पंच आणलाही नाही.

कुजलेल्या चॅसीला नवा तुकडा सांधून
तिचाच नंबर तिच्यावर उतरवला असेल त्यांनी.
किंवा भलत्याच गाडीचा कागद
हिच्या गळ्यात बांधला असेल.
हातोड्याचा आवाज दोन्हीला सारखाच येतो.
मी तेव्हा दिवा धरून उभी असायचे,
आकडे वाचायचे नाही.

"नंबर नंतर ठोकलाय," मी म्हटलं.
"कुठं?" बाफना.
"इथंच. धुळ्यात."
मग किंमत?
साडेनऊ. आरटीओत जुना कागद निघाला तर.
नाही निघाला, तर वजनावर.

बाफना गाडीत जाऊन बसले, स्वतःच्या.
बोरसेंनी ताडपत्री पुन्हा चढवली,
चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"लतीफ मिस्तरीनं काम पक्कं व्हतं."
मी तर नाव घेतलं नव्हतं.

रात्री घरी ताट घासून उपडं घातलं.
मागे आमचा घरनंबर, पंचवीस.
दोन नीट उमटलेला.
लग्नाकार्यात दिली घेतली, गावभर फिरली ही ताटं.
एकही अजून हरवलेलं नाही.